चिकटवलेली दारं

शनिवार, २० नोव्हेंबर २००४
पिपरी मेघे, वर्धा

खोली मिळाली, आणि तीही घरच्या जेवणासकट. माझ्या धाकट्या बहिणीने, शाल्मलीने, पैज लावली होती की दादा वर्ध्याला निदान महिनाभर लॉजवर राहील आणि फरसाण खाऊन पोट बिघडवून घेईल. ती हरली. आता नागपूरहून मला भेटायला येताना संत्रा बर्फी तिने आणायची.

घर गल्लीच्या शेवटी आहे, त्यापुढे तुरीचं शेत. चार खोल्यांचं, स्लॅबचं, चुन्याने पांढरं केलेलं. मालक सदाशिवराव यांचं देवळीला रंग आणि हार्डवेअरचं दुकान होतं. गुडघे धरायला लागले तसं ते पुतण्याकडे सोपवून आता घरीच असतात. त्यांच्या पत्नी सुलोचनाकाकू. मी काय खात नाही एवढंच त्यांनी विचारलं. दोडकी म्हटल्यावर हसल्या आणि म्हणाल्या, दोडक्याच्या शिरांची चटणी कराले शिकवते तुमाले, मंग पाहू कसे खात नाई.

सोमवारपासून तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवायचं आहे. अमरावतीहून टेम्पोत सामान आणलं: कॉम्प्युटर, प्रिंटर, कपड्यांची पेटी, आणि माझ्या बसगाड्या. पुठ्ठ्याच्या एसटी बस, तळहातावर मावतील एवढ्या. काकूंनी त्यातली एक उचलून डोळ्यांजवळ धरली. वरची पाटी वाचली, अमरावती–वर्धा. हे एवढं बारीक कोनी लिवलं जी, असं त्यांनी विचारलं. लिहिलेलं नाही, छापलेलं आहे, मी घरीच छापतो, असं सांगितलं तर त्यांनी आतून काकांना हाक मारली. दोघंही बराच वेळ ती बस हातात फिरवत उभे होते. माझ्या छंदाकडे इतक्या आस्थेने आजवर घरच्यांनीही पाहिलेलं नाही.

माझी खोली मागच्या बाजूला, खिडकी पश्चिमेला. खिडकीतून अंगणातली मोठी बाभूळ, कपड्यांची दोरी आणि शेत दिसतं. शेजारच्या शोभाबाईंची बकरी कुंपण ओलांडून शेंगा खायला येते, तिला हाकलायचं नाही असा घरचा नियम. हॉल आणि माझी खोली यांच्यामध्ये आणखी एक खोली आहे. तिच्या दारावर पडदा असतो. ती धीरजची, म्हणजे त्यांच्या मुलाची. तो पुण्याला असतो, असं काका म्हणाले.

जेवायला पातोडीचा रस्सा होता. घाम पुसत पुसत तीन भाकऱ्या खाल्ल्या. इथे बरं जाणार आहे.


सोमवार, २२ नोव्हेंबर

कॉलेजचा पहिला दिवस ठीक. पण लिहायचं आहे ते दुसरंच.

हॉलच्या कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं, मला शिलाई मशीन वाटलं. आज काकांनी चादर काढली. काचेच्या पेटीत या घराचं मॉडेल! पांढऱ्या जाड पुठ्ठ्याचं, टेबलभर मोठं. वरचा स्लॅब झाकणासारखा उचलता येतो आणि आतल्या चारही खोल्या वरून दिसतात. मोजमाप इतकं चोख की ओट्याची उंचीसुद्धा बरोबर उतरली आहे. धीरजने केलेलं. त्याने नागपूरला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता.

भिंती सगळ्या कोऱ्या. फक्त मधल्या खोलीचं दार, हॉलच्या बाजूने, आणि तिची खिडकी चिकटवली होती. चिकटवली म्हणजे डिकल. लहानपणी पाण्यात भिजवून वहीवर उतरवायचो ती चित्रं असतात ना, तीच जात. निळं दार, कडी, दारावर लावलेलं कॅलेंडर, त्यातले आकडेही वाचता येतात. कडेवर नख फिरवून पाहिलं, कडा लागत नाही. मी वर्षानुवर्षं हे करतोय आणि मला असं साधलेलं नाही.

काकांनी विचारलं, सर, हे पुरं करून द्याल काय? मी लगेच हो म्हणालो. विचारलं नसतं तर मीच विचारणार होतो. काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. पोराचं अर्धं राहिलेलं काम पूर्ण होणार म्हणून त्यांना भरून आलं असावं.


गुरुवार, २५ नोव्हेंबर

दोन दिवस फुकट गेले. माझी पद्धत साधी आहे. गुळगुळीत कागदावर डिंकाचा पातळ हात द्यायचा, वाळला की त्यावर पारदर्शक लॅकर फवारायचं, त्या लॅकरवर छपाई करायची आणि वरून पुन्हा लॅकर. मग तुकडा कापून कोमट पाण्यात टाकला की डिंक विरघळतो आणि चित्राची पापुद्र्याएवढी कातडी कागदावरून सुटते. ती अलगद मॉडेलवर सरकवायची आणि कापसाने टिपायची. पण दुकानातून आणलेल्या बाटलीतल्या डिंकाने इथे बुडबुडे धरले. एकही तुकडा सपाट बसेना.

काकू दारात उभं राहून पाहत होत्या. त्या मागे गेल्या आणि बाभळीचे डिंकाचे खडे वाटीत घेऊन आल्या. भिजवून, फडक्यातून गाळून दिला. मधासारखा रंग. म्हणाल्या, धीरज हाच वापरे, या झाडाचा लय धरते.

खरंच धरतो. पहिल्याच फटक्यात चाचणीची पट्टी अशी बसली की पुठ्ठ्यावरच उगवल्यासारखी वाटावी.


रविवार, २८ नोव्हेंबर

कॉलेजचा डिजिटल कॅमेरा मागून आणला. आतून सगळ्या खिडक्या-दारांचे फोटो घ्यायचे होते. उतरतं ऊन सगळ्यात चांगलं, म्हणून चारच्या सुमाराला काढले. खिडक्यांच्या काचांतून बाहेरचं जे दिसतं तेही फोटोत आलं पाहिजे, तर मजा. माझ्या खिडकीतून नेमकी शोभाबाईंची बकरी मागच्या दोन पायांवर उभी राहून शेंगेकडे तोंड नेत होती आणि दोरीवरचं काकूंचं हिरवं लुगडं वाऱ्याने अर्धं उचललं होतं. अगदी हवा तसा फोटो.

पुढच्या दाराचा एक फोटो बंद असताना घेतला, एक उघडं असताना.

मधल्या खोलीच्या दारावरचा पडदा सरकवू का म्हणून विचारलं. काका म्हणाले, ते झालं आहे ना सर, ते राहू द्या.


मंगळवार, ३० नोव्हेंबर

स्वयंपाकघराची खिडकी चिकटवली. जाळी, गज, बाहेरच्या पपईचं पान, सगळं करंगळीच्या नखावर मावेल एवढं. फार सुंदर दिसते आहे.

काकू सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी बसून होत्या. किती वेळ भिजवायचं, कापूस कसा धरायचा, मधून फाटू नये म्हणून काय करायचं, सगळं विचारत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, चिकटलं की मंग निघते काय? मी म्हटलं, वरून लॅकर मारण्याआधी ओल्या कापसाने सुटेलही, लॅकर मारल्यावर मात्र ब्लेडच लागेल आणि चित्र फाटेल. त्यांनी मान हलवली आणि उठून गेल्या.


गुरुवार, २ डिसेंबर

एक विचित्र गोष्ट. संध्याकाळी कॉलेजातून येताना गल्लीतून घराची बाजूची भिंत दिसते. तिथे स्वयंपाकघराची खिडकी होती. आज नव्हती. सपाट भिंत, चुना लावलेली.

काकूंना विचारलं. वाऱ्यानं गॅस विझे, म्हणून बुजवून घेतली, मिस्त्री येऊन गेला, असं त्यांनी सांगितलं. तेही खरं असेल. मी दिवसभर बाहेर असतो आणि स्वयंपाकघरात माझं जाणंयेणं नाही. पण नव्या गिलाव्याचा रंग वेगळा दिसतो, हे मी वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवतो. त्या भिंतीवर पावसाळ्यातल्या ओलीचे जुने ओघळ होते, वरपासून खालपर्यंत, सलग.

मधल्या खोलीलाही बाहेरून खिडकी नाही, हेही आजच लक्षात आलं.


रविवार, ५ डिसेंबर

सुट्टी होती, एका बैठकीत बरंच उरकलं. हॉलची खिडकी, न्हाणीचा झरोका, मागचं दार आणि शेवटी माझ्या खोलीची खिडकी, बकरीसकट. सगळ्यांवर लॅकरचा हात दिला. आता फक्त पुढचं दार राहिलं. तेही छापून, कापून तयार आहे. पण दिवसभर खाली मान घालून मान आखडली, म्हणून उद्यावर टाकलं.

शाल्मलीला फोन लावायचा राहिला. फोन डायल टोन देत नाही. काका म्हणाले लाइन खराब असेल. उद्या कॉलेजच्या वाटेवरच्या बूथवरून करेन.

हात धुवायला मागच्या अंगणात जायला निघालो तर मागचं दार अडकलेलं. लाकूड फुगलं असेल.


सोमवार, ६ डिसेंबर, सकाळ

जाग आली ती अंगावर ऊन आलं म्हणून. दुपार झाली, कॉलेज बुडालं, असं वाटून उठलो आणि तसाच हॉलमध्ये धावलो. हॉलचं पुढचं दार उघडं होतं. बाहेर नुकतं फटफटत होतं. काकू अंगणात सडा टाकत होत्या आणि त्यांच्या तोंडातून थंडीची वाफ निघत होती.

परत खोलीत आलो. ऊन तसंच. पिवळं, तिरपं, उतरतं. खिडकीबाहेर बकरी मागच्या दोन पायांवर उभी. लुगड्याचा पदर हवेत. मी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिलो. शेंग तिच्या तोंडापासून बोटभर लांब आहे. ती शेंग ओढत नाही आणि पायही टेकत नाही.

खिडकीची कडी धरायला गेलो. बोटांना कडी लागली नाही. सगळं सपाट. गुळगुळीत.

बाहेर पडलो आणि घराला चक्कर मारली. मागची भिंत सलग आहे. दार नाही, माझी खिडकी नाही. दोरीवर काहीच वाळत घातलेलं नाही. बकरी कुठेही नाही.

तसंच निघून जावंसं वाटलं. अंगात नुसती बनियन होती, पाकीट, सर्टिफिकेटं, सगळं आत. मी परत आत आलो.

काका हॉलमध्ये पलंगावर बसले होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांना कळलं. त्यांनी उठून मधल्या खोलीच्या दारावरचा पडदा बाजूला केला. निळं दार, कडी, कॅलेंडर. कॅलेंडर ऑगस्ट १९९९ चं. मी हात लावला. तेही सपाट.

ते जे बोलले ते लिहून ठेवतो. धीरजला पुण्याला नोकरी लागली होती. जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने आपल्या खोलीचं दार आणि खिडकी मॉडेलला लावली आणि म्हणाला, बाकीचं दिवाळीत येऊन करतो. बाजारातला डिंक पावसाळी हवेत धरत नव्हता म्हणून बाभळीचा डिंक काकांनीच काढून दिला होता. झोपायला तो आत गेला. सकाळी दार उघडेना. काका म्हणाले, त्या झाडात काय आहे ते आमाले नाई माहीत सर. आमी प्लॉट घेतला तवा ते होतंच.

मग ते म्हणाले, कान लावा.

मी दारावर कान लावला. बराच वेळ काही नाही. मग आतून, अगदी जवळून, लाकडाला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला. पुरुषाचा, खोल, घोगरा.

आई, दार उघड.

मग तेच पुन्हा. काकू मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात ताट होतं, वरणभात. त्यांनी ते दारासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, हो बापा, उघडते.


सोमवार, नंतर

धीरजचं दार सोडवता येतं का पाहायचं होतं, पण आधी माझ्या खिडकीवर. स्लॅब उचलला, मॉडेलमधल्या माझ्या खिडकीवर ओला कापूस दाबून धरला. लॅकरमुळे सुटेना. ब्लेडचं टोक कडेखाली घातलं. कोपरा फाटला.

खोलीत जाऊन पाहिलं. मोठ्या खिडकीचाही कोपरा फाटला आहे, वरचा, डावा. आभाळ फाटून खाली लोंबतं आहे आणि त्यामागे अंगण नाही, वीट नाही. पांढरं आहे. मॉडेलच्या पुठ्ठ्यासारखं कोरं पांढरं. बोट लावलं तर थंड.

ब्लेड ठेवून दिलं. पाकीट आणि सर्टिफिकेटं पिशवीत कोंबली. कॉम्प्युटर राहू दे, मॉडेलं राहू देत.

हॉलमध्ये आलो तर पुढचं दार लागलेलं होतं. काकू मॉडेलच्या पेटीजवळ जमिनीवर बसल्या होत्या. समोर कोमट पाण्याची वाटी, हातात कापूस, शेजारी लॅकरचा डबा. पुढचं दार मॉडेलवर लावलेलं. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही.

मी दाराला खांदा लावला. भिंतीला लावल्यासारखा.

काकूंना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. हलवलंही, दोन्ही दंड धरून. त्यांनी प्रतिकार केला नाही. म्हणाल्या, भाऊ, तो त्याच्या बंद घरात आहे आन आमी या उघड्यात, म्हून तं त्याचं दार उघडत नाई आमाले. आता आपलं सगळंच बंद झालं. आता एकच घर. आता त्याचं दार आतलं दार झालं, ते उघडन. तुमाले काऊन ठेवलं असं विचाराल, तं तुमी नसते तं हे कोनाले जमलं असतं?

काका पलंगावर बसून रडत होते. पण त्यांनी काकूंना थांबवलं नव्हतं.


मंगळवार असावा

काकू मधल्या दारापुढे बसून आहेत. दार उघडलं नाही. आवाजही आला नाही. कालपासून एकदाही नाही. त्या हाका मारतात, धीरज, ये ना बापा, आता ये. पाच वर्षं रोज ऐकू येत होता, तो आता येत नाही.

मी सगळ्या भिंतींवरून हात फिरवला. कुठेही फट नाही.

विजेचा दिवा लागतो, पण लागला काय आणि नाही काय, ऊन तेवढंच. पंखाही चालतो, वारा येत नाही.


?

माझ्याकडे उघड्या दाराचा फोटो होता. हे आधी सुचलं नाही, याचा स्वतःवर राग आला. कॉम्प्युटर लावला, छापलं. पिवळी शाई संपत आलेली, म्हणून ऊन फिकं आलं. चालेल. डिंक वाटीत होता. वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो. बंद दारावर उघडं दार चिकटवलं.

वळून पाहिलं. दार उघडं. पायरी, अंगण, फाटकाशी उभी काकांची लूना, पलीकडे गल्ली.

काका उठून उभे राहिले. मी पिशवी घेतली आणि धावलो.

कपाळ फुटलं आहे. रक्त डोळ्यात येतं आहे म्हणून अक्षर असं. लूनाच्या चाकावर माझ्या रक्ताचा डाग आहे, आणि तो ओघळून खाली हॉलच्या फरशीवर आला.


—

झोपून उठलो. ऊन.

रात्र होत नाही. डोळ्यांवर टॉवेल बांधून झोपतो. काकांच्या दाढीवरून अंदाज करायचा, किती दिवस गेले असतील.

टाकीतलं पाणी संपत आलं. डाळ आहे, तांदूळ आहे. गॅस पेटतो पण धूर कुठे जात नाही, डोळे जळतात, म्हणून काकूंनी आज कच्चेच तांदूळ भिजवून दिले. त्या अजूनही वाढतात. आधी मधल्या दारापुढे एक ताट, मग माझं. मी त्यांचा तिरस्कार करायचा प्रयत्न करतो. ताट समोर आलं की खातो.

वीज गेली. आता छापताही येणार नाही.


—

आज काकूंनी मला विचारलं, तुमची आई हाये काय? नाही म्हणून सांगितलं, बहीण आहे. नागपूरला. लहान. त्यांनी तांदळाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, मले वाटलं तुमचं कोनी नाई. फोन नाई, पत्र नाई.

मी म्हटलं, रविवारी फोन करतो मी तिला. राहिला होता.

त्यांनी पदर तोंडावर घेतला. पहिल्यांदाच.


—

आवाज आला. पुढच्या दारातून.

शोभाबाई बोलत होत्या. म्हणाल्या, इथंच दार होतं बाई, मी रोज पायते, मास्तर इथूनच येजा करत. मग दुसरा आवाज—

शाल्मली. शाल्मली आली आहे.

दाराला तोंड लावून हाक मारली. ती मग म्हणाली, दादा? मी हो हो म्हणत राहिलो आणि रडत राहिलो. तीही बाहेर रडत होती. माझ्यासमोर लूना आहे, गल्ली आहे, ऊन आहे, आणि त्यात ती कुठेच नाही. पण आवाज हातभर अंतरावर.

ती म्हणाली, थांब, तू घाबरू नकोस, माणसं बोलावते. इथे तर नुसती भिंत आहे रे. भिंत फोडते.

मी काकांकडे पाहिलं. मला हसू येत होतं. त्यांना येत नव्हतं.


—

पलीकडच्या बांधकामावरून माणसं आली. सब्बल, म्हणजे पहार, आणली आहे, असं शोभाबाई म्हणाल्या.

हे ऐकून काका पलंगावरून उठले आणि मला धरलं. नका मारू देऊ सर, म्हणाले. आमी धीरजच्या दाराले सब्बल मारली होती. पह्यला घाव घातला तं तो आतून ओरडला. आमाले वाटलं, घाबरला असन. मंग दुसरा घातला. मंग—

पुढचं काकूंनी सांगितलं. त्याचं सगळं अंग मोडलं असन भाऊ, त्या म्हणाल्या. महिनाभर कण्हत होता. दाराले काई नाई होत. आतल्याले लागते.

मी भिंतीवर थापा मारतो आहे. शाल्मली, नको. सब्बल नको. थांबव त्यांना. ती काय काय म्हणून विचारते. बाहेरच्या माणसांच्या गलक्यात तिला शब्द कळत नाहीत. आधी कळत होते. मी ओरडतो आहे एवढंच तिला—


—

एक घाव.

भिंतीवर ओरखडासुद्धा नाही. माझ्या डाव्या बरगड्या. श्वास घेता येत नाही. काका पोट धरून खाली. काकू ओरडल्या नाहीत, भिंतीला टेकून बसल्या, हात लोंबतो आहे.

मी ओरडलो. ती बाहेर म्हणाली, दादा ओरडतोय, लवकर मारा, लवकर.


—

दुसरा. मांडी.

आता ओरडायचं नाही. टॉवेल तोंडात कोंबला आहे. काकांच्याही तोंडावर हात धरला. गप्प राहिलो तर थांबतील. लिहीत राहतो म्हणजे हात

थांबले.

थांबले. शाल्मली कान लावून ऐकते आहे. तिच्या बांगड्या भिंतीला लागतात, त्यांचा आवाज येतो. किती जवळ

ती म्हणते आहे, दादाचा आवाज बंद झाला. ती रडते आहे. म्हणते आहे, घण आणा, मोठा घण आणा, सगळे मिळून मारा. दादा, ऐकतोस ना, भिंतीपासून लांब हो, लांब हो, आणि